जोडीनं चालायचं, तर चहा कुणी करायचा?



साताऱ्यात पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला घराबाहेर पडलात, तर निम्मं गाव रस्त्यावर दिसेल. कुणी अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागलेलं असतं, कुणी चार भिंतींपाशी बसून दम खात असतं, कुणी यवतेश्वरच्या घाटाकडे निघालेलं असतं, तर कुणी गोडोलीच्या तळ्याकाठी फेऱ्या मारत असतं. कानटोप्या, मफलर, हातात काठी, पावसाळ्यात छत्री असा सगळा थाट. या गर्दीकडे जरा नीट पाहिलं, तर तिचे तीन भाग पडतात. पहिला पुरुषांच्या घोळक्यांचा. त्यांच्या गप्पा राजकारण, जमिनीचे भाव आणि ब्लडप्रेशर यांच्याभोवती फिरतात. दुसरा बायकांच्या घोळक्यांचा. तो आकारानं लहान आणि थोडा घाईत, कारण घरी परतायची वेळ ठरलेली असते. आणि तिसरा भाग जोडप्यांचा. तो सगळ्यांत छोटा.

या तिसऱ्या भागातही गंमत असते. नवरा दहा पावलं पुढे, बायको मागे. मधेच तो थांबतो, वळून पाहतो, कमरेवर हात ठेवून वाट बघतो. ती कशीबशी त्याच्यापर्यंत पोचली, की हा लगेच पुढे निघतो. म्हणजे विश्रांती याची झाली आणि दम मात्र तिला लागला!

आज मला नवरा-बायकोनं जोडीनं करायच्या व्यायामाबद्दल बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही की व्यायामशिक्षिकाही नाही. मी गणिताची बाई. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. त्यामुळे विषय कुठलाही असो, आधी मी हिशेब मांडते. तोच आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली नव्यानं सांगितलंय, की प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, म्हणजे भरभर चालण्यासारखा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, आठवड्यातून तीनदा. आता आठवड्याची मिनिटं किती? दहा हजार ऐंशी. त्यातली दीडशे म्हणजे जेमतेम दीड टक्का. शंभर रुपयांतला दीड रुपया. एवढाही आपल्याकडून खर्च होत नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातली आकडेवारी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ या किमान व्यायामापर्यंत पोचत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं आणि स्त्रियांत ५७ टक्के.

हा पंधरा टक्क्यांचा फरक कशामुळे? बायका आळशी म्हणून? तसं म्हणायची हिंमत निदान माझ्यासमोर कुणी करू नये. उत्तर दुसऱ्या एका सरकारी पाहणीत सापडतं. केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर 'वेळेचा वापर' तपासला. कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं, याची ती नोंद. घरात विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होते. हीच कामं करणाऱ्या पुरुषांचे जात होते ८८. वजाबाकी करा. २०१ मिनिटं, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं, आणि तेही एका दिवसात. शिवाय त्या दिवशी असं एखादं तरी काम केलेले पुरुष होते साधारण चारांत एक. स्त्रिया होत्या पाचांत चार. तिच्या आठवड्यातली दीडशे मिनिटं कुठे गेली, ते शोधायला फार लांब जायला नको. ती ओट्यापाशीच सापडतील.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. 'अहो, घरकाम हाच बायकांचा व्यायाम. वेगळा कशाला हवा?' आपल्या आज्ज्यांना हे लागू होतं. त्या पहाटे जात्यावर बसायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, डोक्यावर हंडे घेऊन चढ चढायच्या, ओढ्यावर धुणं बडवायच्या. त्यांचे खांदे, पाठ, मांड्या, सगळ्यांना रोज काम होतं. आजही रानात राबणाऱ्या बाईला कुणी व्यायाम सांगायला जाऊ नये, तिला विश्रांती सांगावी. पण शहरातल्या, तालुक्याच्या गावातल्या घरात आता गॅस आहे, मिक्सर आहे, नळ आहे, बऱ्याच घरांत वॉशिंग मशीन आहे. काम संपलेलं नाही, पण त्याची जात बदलली आहे. ओट्यापाशी दोन तास उभं राहिलं की पाय दुखतात, कंबर भरून येते, पण छातीचे ठोके काही वाढत नाहीत. बाई थकते, पण तिचा व्यायाम होत नाही. आणि थकल्यामुळे तो करायची इच्छाही उरत नाही.

हे मला कळलं ते २०१६ साली. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते, नोकरी चालू होती. चक्कर येते म्हणून तपासण्या केल्या आणि साखर निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी असते, तिचा आकडा आला ७.४. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि विचारलं, "बाई, रोज चालता का?" मी म्हटलं, "दिवसभर पायांवरच असते." ते म्हणाले, "पायांवर असणं वेगळं, चालणं वेगळं. रोज अर्धा तास, सलग, घाम येईल असं चाला." आमचे हे शेजारीच बसले होते. हे गेली कितीतरी वर्षं मित्रांबरोबर किल्ला चढत होते. लगेच म्हणाले, "त्यात काय, उद्यापासून माझ्याबरोबर चल."

मी म्हटलं, "येते. पण मग चहा कुणी करायचा?"

श्रोतेहो, मला वाटतं जोडीनं व्यायाम करण्याचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. बूट कुठले घ्यावेत, ट्रॅकपँट घालावी की पंजाबी ड्रेस, योगासनं बरी की चालणं बरं, हे सगळं नंतरचं. आमच्या घरात तेव्हा ऐंशीच्या सासूबाई होत्या, इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा होता, त्याचा डबा साडेसातला लागायचा, नळाला पाणी सहाला यायचं आणि पाऊण तासात जायचं. अशा घरातून दोघं एकाच वेळी बाहेर पडणार कसे?

मग त्या रात्री मी वहीचं एक पान घेतलं आणि पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळेतली घरातली सगळी कामं एकाखाली एक लिहिली. दूध तापवणं, चहा, सासूबाईंचं गरम पाणी, पाणी भरणं, कणीक मळणं, भाजी चिरणं, पोळ्या, कुकर, डबा, झाडांना पाणी, असं करत यादी चौदा कामांवर गेली. समोर दोन रकाने आखले. एक माझा, एक ह्यांचा. चौदांतली तेरा कामं माझ्या रकान्यात आली. ह्यांच्या रकान्यात एक, दूध आणणं, आणि तेही किल्ल्यावरून परत येताना. ह्यांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग वाटण्या करू." आम्ही भांडलो नाही. आकडे समोर असले की भांडायला फारसं काही उरत नाही, हा वर्गातलाही अनुभव आहे.

वाटण्या अशा झाल्या. भाजी रात्रीच चिरून ठेवायची, ते काम मुलाकडे. पहाटेचा चहा आणि दूध तापवणं ह्यांच्याकडे. पाणी भरायला छोटी मोटर आणि टाकी घेतली, म्हणजे सहाला नळापाशी उभं राहायला नको. कुकरचं काय? तर सासूबाई आतून म्हणाल्या, "तुम्ही लावून जा, मी शिट्ट्या मोजीन आणि गॅस बंद करीन." त्यांचं वय पाहता मला धीर होईना, पण त्यांनी पाच वर्षं हे काम चोख केलं. आम्ही परत आलो की पहिलं वाक्य असायचं, "तीन झाल्या गं." तर आमच्या व्यायामाची जोडी दोघांची दिसली, तरी तिच्यामागे चौघं होते.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. नवऱ्यानं बायकोला 'चल फिरायला' म्हणणं ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्या सकाळच्या तेरा कामांतली चार-पाच कामं उचलल्याशिवाय ते आमंत्रण पोकळ ठरतं. मग ती आठ दिवस येते, नवव्या दिवशी पाहुणे येतात, दहाव्या दिवशी सण असतो, आणि महिन्याभरात तो पुन्हा एकटा किल्ला चढायला लागतो. वर चारचौघांत सांगतो, "मी म्हणतो चल, पण हिलाच नको असतं."

जोडीनं केल्यानं व्यायाम टिकतो का? टिकतो. १९९५ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यायामाच्या वर्गात आलेल्या विवाहितांकडे वर्षभर लक्ष ठेवलं. काही जण नवरा-बायको मिळून आले होते, काही जण जोडीदाराला घरी ठेवून. एकटे आलेल्यांतले ४३ टक्के वर्षभरात गळाले. जोडीनं आलेल्यांतले गळाले सहा टक्क्यांच्या आसपास. ती माणसं मोजकीच होती, पन्नास-साठ. पण २०१५ साली इंग्लंडमधून पन्नाशीपुढच्या ३७२२ जोडप्यांचा अभ्यास आला, त्यातही हाच कल दिसला. आधी व्यायाम न करणाऱ्या माणसाचा जोडीदार व्यायाम करू लागला, तर तो माणूसही करू लागण्याचं प्रमाण होतं साधारण तीनांत दोन. जोडीदार ढिम्म राहिला, तर तेच प्रमाण चारांत एक. पुरुष असो की स्त्री, फारसा फरक नव्हता. यात फार मोठं गूढ नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे पांघरूण काढावंसं वाटत नाही, पण शेजारचं माणूस उठून बूट घालताना दिसलं की झोपून राहण्याची लाज वाटते. तसंच जेवणाचं. दोघांचं स्वयंपाकघर एकच, बाजारहाट एकच. एकानं साखर कमी केली की डबा दोघांचा रिकामा राहतो.

आता अडचणींकडे येते. पहिली अडचण वेगाची. २०२१ साली अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात ७२ जोडप्यांच्या चालण्याचा वेग मोजला गेला. एकटं चालताना जो वेग होता, तो जोडीनं चालताना कमी झाला. हातात हात घेऊन चालल्यावर आणखी कमी झाला. म्हणजे ज्याचा वेग जास्त, त्याचा व्यायाम बुडतो. आणि त्यानं वेग कमी केला नाही, तर जिचा वेग कमी, तिचा उत्साह बुडतो.

यावर गणिताचा एक सोपा उपाय आहे. समजा, हे ताशी सहा किलोमीटर वेगानं चालतात आणि मी ताशी चार. दोघांनी घरापासून एकत्र निघायचं. आपापल्या वेगानं चालायचं. घड्याळात वीस मिनिटं झाली, की जो जिथे असेल तिथून त्यानं मागे फिरायचं. हे तोवर दोन किलोमीटरवर गेलेले असतात, मी सव्वा-दीड किलोमीटरच्या मधे कुठेतरी. परतीच्या वाटेवर हे मला हळूहळू गाठत येतात आणि बरोबर चाळीस मिनिटांनी दोघं एकाच वेळी फाटकापाशी पोचतो. कुणाला थांबायचं नाही, कुणाला धापा टाकायच्या नाहीत. सपाट रस्त्यावर हे गणित तंतोतंत जुळतं. चढ-उतारावर दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे होतात, तेवढी चालवून घ्यायची. आम्ही आठवड्यातले चार दिवस असं चालतो. रविवारी मात्र माझ्या वेगानं बरोबरीनं चालतो आणि गप्पा मारतो. मुलाचं लग्न, जमिनीचा तुकडा विकायचा की ठेवायचा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असे आमच्या घरचे अवघड निर्णय या रविवारच्या चालण्यात झाले. घरात समोरासमोर बसून जे विषय निघताच आवाज चढतो, ते शेजारी-शेजारी चालताना शांतपणे बोलता येतात.

वेग पुरेसा आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा. बोलताही येत नसेल तर कमी करा.

दुसरी अडचण मास्तरकीची. व्यायामाला सुरुवात केली की दोघांतल्या एकाच्या अंगात मास्तर संचारतो. "पाठ ताठ ठेव. हात हलव. श्वास नाकानं घे." संसारात आधीच एकमेकांना सूचना देण्याचं काम भरपूर चालू असतं, त्यात ही भर नको. आम्ही एक नियम केला. चालताना एकमेकांच्या चालण्याबद्दल बोलायचं नाही. विचारलं तरच सांगायचं. वजनाच्या काट्यावरचा आकडाही ज्याचा त्यानं पाहायचा. वजन पुरुषाचं लवकर उतरतं, बाईचं पाळी जाण्याच्या वयात उतरता उतरत नाही. अशी तुलना केली की व्यायाम बंद पडायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट, नुसत्या चालण्यानं भागत नाही. हे मी ह्यांनाच ऐकवते, कारण ह्यांना किल्ल्याचा फार अभिमान. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. बाईची पाळी गेल्यावर हाडंही विरळ होत जातात. स्नायूंना आणि हाडांना भार लागतो, तो नुसत्या सपाट चालण्यानं पुरेसा मिळत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसायचं, हात छातीवर दुमडायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी माझे चौदा झाले आणि रोज किल्ला चढणाऱ्या माझ्या पतिराजांचे अकरा. त्या दिवसापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी वर-खाली होणं आणि एका पायावर उभं राहणं, असा वीस मिनिटांचा कार्यक्रम असतो. एका पायावर उभं राहताना दुसऱ्यानं शेजारी हात पुढे करून थांबायचं, पडलं तर धरायला. इथे मात्र जोडीला पर्याय नाही.

जोडीनं व्यायाम ही काही परदेशातून आलेली टूम नाही, हेही सांगायला हवं. आमच्या सातारा जिल्ह्यातलंच औंध घ्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता. त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ साली तर त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. राजेसाहेब स्वतः रोज नमस्कार घालत, राणीसाहेबही घालत आणि औंध संस्थानातल्या शाळांमधून मुलांच्या जोडीनं मुलींनाही नमस्कार घालायला लावत. बाईनं व्यायाम केला तर लोक काय म्हणतील, असा तो काळ होता. तेव्हा राजवाड्यातच नवरा-बायको दोघं नमस्कार घालतात म्हटल्यावर लोकांची तोंडं आपोआप बंद झाली असणार. ज्यांचे गुडघे आणि कंबर साथ देतात, त्यांनी आजही जरूर नमस्कार घालावेत. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच काय करायचं ते ठरवावं.

आणि आपली शतपावली. लहानपणी जेवण झालं की आजोबा अंगणात येरझारा घालायचे आणि आम्हालाही घालायला लावायचे. आता तिच्यामागचं कारण कळतं. जेवणानंतर रक्तात साखर वाढते. चालताना पायांचे मोठे स्नायू आखडतात आणि पसरतात, तेव्हा ते इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतात. २०१६ साली न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. दिवसातून एकदा सलग अर्धा तास चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं, यांची तुलना केली. जेवणानंतर चालण्यानं साखरेची वाढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. म्हणून सांगते, जेवण झालं की टीव्हीसमोर एकानं आणि मोरीत भांड्यांपाशी दुसरीनं, अशी फाळणी करू नका. भांडी दहा मिनिटं थांबतात. साखर थांबत नाही.

माझं पुढे काय झालं, असं विचाराल. चमत्कार वगैरे काही झाला नाही. माझी गोळी सुटलेली नाही आणि ती सोडायचा मी आग्रहही धरत नाही. वर्षभरानं तो ७.४चा आकडा ६.६ झाला, चार किलो वजन उतरलं आणि शाळेचा जिना चढताना कठडा धरायचं बंद झालं. २०२० साली टाळेबंदीत बाहेर पडणं बंद झालं, तेव्हा आम्ही गच्चीवर फेऱ्या मारल्या. एक घड्याळाच्या दिशेनं, एक उलट, म्हणजे दर फेरीत दोनदा तोंड दिसायचं. ह्यांचं खुर्चीवरून उठणं आता अकरावरून सोळावर गेलंय. माझंही सोळावर आहे. बरोबरी झाली, असं हे म्हणतात. हे वयानं मोठे आहेत म्हणून मी काही बोलत नाही.

काही श्रोत्यांना वाटत असेल, की ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना हे कसं जमायचं? दोघांना एकाच वेळी बाहेर पडता येत नसेल, तर पाळ्या लावा. सोमवारी त्यानं जावं, तिनं मुलांचं बघावं. मंगळवारी तिनं जावं, त्यानं मुलांचं बघावं. पावलं वेगवेगळ्या दिवशी पडली, तरी हा व्यायाम जोडीचाच आहे, कारण एकाच्या अर्ध्या तासामागे दुसऱ्याचा अर्धा तास उभा आहे. आणि ज्यांचा जोडीदार मागे राहिलेला नाही, किंवा आधीपासूनच नाही, त्यांनी बहीण, जाऊ, शेजारीण, मित्र यांच्याबरोबर जोडी जमवावी.

शेवटी एक गोष्ट सांगते, जरा जड आहे. आमच्या आळीत एक जोडपं होतं. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्याला. काकांचं फिरणं नियमित, काकूंचं आयुष्य घरात. सत्तरीत काकांना अर्धांगवायू झाला. मुलांनी पैशाला कमी केलं नाही, दिवसा माणूसही ठेवलं. पण रात्री दोन वाजता काकांना बाथरूमला नेणार कोण? काकूच. त्यांचे गुडघे गेलेले, मनगटात जोर नाही. एका रात्री दोघंही बाथरूमच्या दारात पडले आणि सकाळी दूधवाल्यानं हाक मारेपर्यंत तिथेच होते. काकूंच्या शरीराचा हिशेब आयुष्यभर कुणी मांडलाच नव्हता, आणि शेवटी सगळा भार त्याच शरीरावर आला.

साठीनंतर प्रश्न सडपातळ दिसण्याचा नसतो. जमिनीवरून उठता येणं, मोरीपर्यंत जाता येणं आणि वेळ आली तर शेजारच्या माणसाला हात देऊन उठवता येणं, यासाठी व्यायाम करायचा असतो. दोघांत कुणाला कुणाचा हात लागेल, ते आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही हातांत जोर हवा. आपल्या घरांत साधारणपणे एकाच्याच हातात जोर राहील अशी व्यवस्था आहे, आणि ती वेळेच्या वाटणीतून आलेली आहे. तेव्हा बदल तिथूनच सुरू करायला हवा.

ज्या पुरुष श्रोत्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्यांना माझी एकच विनंती आहे. आज रात्री बायकोला 'उद्यापासून फिरायला चल' असं म्हणू नका. त्याऐवजी 'उद्या सकाळचा चहा मी करतो' एवढंच म्हणा. आणि मग खरंच करा. साखर मात्र बेतानं घाला.



(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)